तंत्रिकाजन्य वेदना व सूचिचिकित्सा

संवेदनांचे वहन करणाऱ्या तंत्रिका तंत्रालाच (मज्जासंस्थेलाच) इजा किंवा रोग झाल्यामुळे जी वेदना उद्भवते, तिला तंत्रिकाजन्य वेदना म्हणतात. सूचिचिकित्सा (अ‍ॅक्युपंक्चर) म्हणजे शरीरावरील ठराविक बिंदूंच्या ठिकाणी केसासारख्या बारीक, भरीव सुया टोचून करावयाचा उपचार होय. हा उपचार मूळचा चिनी आहे. तंत्रिकाजन्य वेदना दीर्घकाल टिकणारी व औषधांना पुरती न जुमानणारी असल्यामुळे अनेक रुग्ण रूढ वैद्यकीय उपचारांच्या जोडीने सूचिचिकित्सेकडे वळतात. अशा संयुक्त उपचारांचा विचार करताना वेदनेचे शमन आणि तंत्रिकेचे रक्षण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे ध्यानात घेणे आवश्यक असते.

स्वरूप व कारणे : हात भाजला किंवा पायात काटा रुतला असता होणारी वेदना धोक्याची सूचना देते आणि जखम भरून येताच थांबते. तंत्रिकाजन्य वेदनेत सूचना देणारी यंत्रणाच बिघडलेली असते. जळजळ, विजेचा झटका बसल्यासारखी कळ, मुंग्या, टोचल्यासारखे वाटणे व त्याच भागात बधिरपणा ही तिची लक्षणे होत. काही रुग्णांना अंगावरील वस्त्राचा हलका स्पर्शही असह्य होतो. इजा झालेल्या तंत्रिका तंतूंतून बाह्य उद्दीपनाशिवायच आवेग निघू लागतात आणि मेरुरज्जूतील कोशिका (पेशी) अशा आवेगांनी अतिसंवेदनशील बनतात. वेदनेला आवर घालणाऱ्या मेंदूकडून येणाऱ्या मार्गांचे कार्यही दुबळे होते. प्रौढ लोकसंख्येच्या सु. ७ ते १० टक्के लोकांत या स्वरूपाची वेदना आढळते, असा अंदाज आहे.

मधुमेह, नागीण, कुष्ठरोग, मद्यासक्ती, ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, कर्करोगावरील काही औषधे, मणक्यांमधील चकती सरकून तंत्रिकामूलावर येणारा दाब (गृध्रसी) व मनगटातील अरुंद मार्गात तंत्रिका दाबली जाणे ही प्रमुख कारणे होत. क्षयरोगावरील आयसोनियाझिड या औषधानेही ब६ जीवनसत्त्वाच्या अभावी तंत्रिकांना इजा होते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाल घेणाऱ्यांत व कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्यांत ब१२ जीवनसत्त्व कमी पडण्याचा संभव असतो. [⟶ तंत्रिका तंत्र, मधुमेह, कुष्ठरोग].

रूढ उपचार : उपचारांचे दोन भाग पडतात. पहिला भाग मूळ कारणावरील उपचारांचा होय. मधुमेहात रक्तशर्करेचे नियंत्रण, न्यूनताजन्य विकारांत जीवनसत्त्वाचा पुरवठा, कुष्ठरोगात बहुविध औषधयोजना आणि दाब असल्यास प्रसंगी शस्त्रक्रिया हे उपाय त्यात येतात. अमेरिका व कॅनडा येथे इन्शुलिनावलंबी मधुमेहींवर करण्यात आलेल्या व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, काटेकोर शर्करा नियंत्रणामुळे तंत्रिका विकृतीचे प्रमाण सु. ६० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले.

दुसरा भाग वेदनाशमनाचा होय. नेहमीची वेदनाशामके येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. त्याऐवजी अमिट्रिप्टिलीन व ड्युलॉक्सेटीन ही मूळची अवसादविरोधी (खिन्नतेवरील) औषधे आणि गाबापेंटिन व प्रीगाबालिन ही मूळची आकडीविरोधी औषधे वापरतात. चेहऱ्यावरील त्रिमूल तंत्रिकाशूलात कार्बामाझेपीन प्रथम देतात. या औषधांचे यश मर्यादित आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय समालोचनानुसार, निर्गुण गोळीच्या तुलनेत एका अधिक रुग्णाची वेदना निम्म्याने उतरण्यासाठी अमिट्रिप्टिलीन गटातील औषध सु. ४ रुग्णांना, गाबापेंटिन सु. ६ रुग्णांना व प्रीगाबालिन सु. ८ रुग्णांना द्यावे लागते. शिवाय गुंगी, तोंडास कोरड, भोवळ, वजन वाढणे इ. अनिष्ट परिणामांमुळे पुष्कळांना मात्रा वाढविता येत नाही. पूरक उपचारांची गरज येथेच उत्पन्न होते.

सूचिचिकित्सेचा पूर्वेतिहास : चीनमध्ये मावांगद्वै येथील इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यात सापडलेल्या ग्रंथांत शरीरातील वाहिन्यांचे व डाग देण्याच्या उपचाराचे वर्णन आहे, सुयांचे नाही. सुयांच्या उपचाराचे पद्धतशीर विवेचन त्यानंतर संकलित झालेल्या ह्वांगदी नेजिंग या ग्रंथात मिळते. या परंपरेनुसार ‘ची’ नावाची जीवनशक्ती ठराविक वाहिन्यांतून वाहते व तिचा अवरोध झाल्यास वेदना होते. या वाहिन्यांना शारीररचनेत आधार सापडलेला नाही. डच वैद्य व्हिलेम टेन रायने यांच्या १६८३ मधील लॅटिन ग्रंथामुळे यूरोपाला या पद्धतीचा सविस्तर परिचय झाला. १८२२ मध्ये चिनी सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून ती वगळली होती. विसाव्या शतकाच्या मध्यास साम्यवादी राजवटीने तिला पुन्हा उत्तेजन दिले. १९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंग येथे आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. तीनंतरच्या पोटातील अस्वस्थतेवर सुया टोचण्यात आल्याचे त्यांनी लिहिले आणि पाश्चात्त्य देशांत कुतूहल जागे झाले.

१९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू हे दोघे होते. कोटणीसांचे तेथील कार्य प्रामुख्याने युद्धजखमींवरील शस्त्रक्रियांचे होते. बसू यांनी १९५८ मध्ये पुन्हा चीनला जाऊन सूचिचिकित्सा शिकून घेतली आणि परतल्यावर कलकत्त्यात ती सुरू केली. महाराष्ट्रात या व्यवसायाच्या नियमनासाठी महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर उपचार पद्धती अधिनियम, २०१५ हा कायदा करण्यात आला.

क्रियातंत्र : रॉनल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वार-नियंत्रण सिद्धांतानुसार, मेरुरज्जूत वेदनेच्या आवेगांना वाट देणारी किंवा अडविणारी यंत्रणा असून इतर संवेदनांचे आवेग ही वाट काही अंशी बंद करू शकतात. १९७५ मध्ये मेंदूतील एन्केफालिने या अफूसदृश पदार्थांचा शोध लागला. पुढील दोन वर्षांत उंदरांवर व मानवांवर झालेल्या प्रयोगांत, अफूवरील उतारा असलेले नालॉक्झोन दिल्यास सुयांमुळे होणारे वेदनाहरण कमी होते असे आढळले. त्यावरून सुया टोचल्याने असे पदार्थ स्रवत असावेत असे अनुमान निघाले. सुयांतून मंद विद्युत् स्पंद सोडण्याच्या प्रकारात स्पंदांच्या वारंवारतेनुसार वेगवेगळे पदार्थ स्रवतात, असेही प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. विश्वास, अपेक्षा व उपचारकाने दिलेला वेळ यांचाही परिणामात वाटा असतो. हा वाटा वगळण्यासाठी प्रयोगांत लटक्या सूचिचिकित्सेशी तुलना करतात. तीत सुया अयोग्य जागी किंवा त्वचेत न शिरतील अशा टेकवितात.

परिणामकारकतेचा पुरावा : पाठदुखी, गुडघ्याचा संधिवात व डोकेदुखी या चिरकारी वेदनांबाबत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २० हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात सूचिचिकित्सा लटक्या उपचारापेक्षा सरस ठरली, परंतु हे आधिक्य लहान होते. हा निष्कर्ष तंत्रिकाजन्य वेदनेला तसाच लावता येत नाही. तिच्यासंबंधीच्या २०१७ मधील कॉक्रेन समालोचनात ४६२ रुग्णांचे केवळ ६ प्रयोग विचारात घेण्याजोगे आढळले व उपचाराच्या बाजूने वा विरुद्ध मत देण्यास पुरावा अपुरा ठरला. १९९८ मध्ये एचआयव्हीजन्य तंत्रिका विकृतीच्या २५० रुग्णांवर झालेल्या अमेरिकन प्रयोगात सूचिचिकित्सेचा विशेष लाभ दिसला नाही. त्याच प्रयोगात अमिट्रिप्टिलीनही निर्गुण गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

याउलट काही अनुकूल निष्कर्षही आहेत. मनगटात तंत्रिका दाबली गेलेल्या रुग्णांवरील २०१७ च्या एका प्रयोगात खऱ्या व लटक्या उपचारांनी लक्षणे सारखीच उणावली. तथापि तंत्रिकेतील संवेदनावहनाचा वेग केवळ खऱ्या उपचाराने सुधारला. चकतीमुळे उद्भवलेल्या जुनाट गृध्रसीच्या २१६ रुग्णांवर चीनमधील ६ रुग्णालयांत झालेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १० वेळा उपचार केल्यानंतर, ४ आठवड्यांअखेर पायातील वेदना १०० अंशांच्या मापावर खऱ्या उपचाराने सु. ३१ व लटक्या उपचाराने सु. १५ अंशांनी उतरली. इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने मात्र २०१६ मध्ये कंबरदुखी व गृध्रसी यांवर हा उपचार देऊ नये असे सांगितले होते. एकंदरीत, कारणानुसार पुराव्याचे बळ बदलते आणि एका विकारातील यशावरून दुसऱ्याविषयी आश्वासन देता येत नाही.

धोके : निर्जंतुक व एकदाच वापरावयाच्या सुया आणि प्रशिक्षित उपचारक असल्यास हा उपचार बव्हंशी सुरक्षित असतो. जर्मनीतील २ लाख २९ हजारांवर रुग्णांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८·६ टक्के रुग्णांना किरकोळ रक्तस्राव, वेदना यांसारखा काहीतरी त्रास झाला. फुप्फुसावरणात हवा शिरण्याची घटना दोघांत घडली. पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे ब प्रकारच्या यकृतशोथाचा संसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत. रक्त न गोठण्याची औषधे घेणाऱ्यांनी तशी पूर्वकल्पना द्यावी. हृदयात गतिनियामक बसविलेल्यांना विद्युत् स्पंदांचा प्रकार वर्ज्य समजावा. मधुमेहीच्या बधिर पावलात सुई टोचणे किंवा शेक देणे धोक्याचे असते, कारण तेथील जखम रुग्णाला कळत नाही व ती लवकर भरत नाही.

संयुक्त उपचारांची मर्यादा : सर्वांत मोठा धोका सुईचा नसून विलंबाचा असतो. कुष्ठरोगात कोपराजवळील तंत्रिका सुजून दुखू लागली व बोटांतील शक्ती कमी झाली, तर पहिल्या सहा महिन्यांत स्टेरॉइड उपचार सुरू केल्यास कार्य परत येण्याची आशा असते. त्यानंतर हात कायमचा वाकडा होण्याचा संभव वाढतो. नागिणीवरील विषाणुरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू करणे इष्ट असते. गृध्रसीत जांघेभोवती बधिरपणा येणे, लघवी अडणे वा नकळत होणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने जाणे ही तातडीच्या शस्त्रक्रियेची लक्षणे असू शकतात. अशा अवस्थेत वेदना सुईने उतरली किंवा गोळीने उतरली, तरी तंत्रिकेचा नाश चालूच राहतो. मधुमेहात तर वेदना आपोआप थांबणे हे कधीकधी तंतू मृत झाल्याचे लक्षण असते. म्हणून सुधारणा केवळ वेदनेवरून न ठरविता स्पर्शज्ञान, स्नायूंची शक्ती व प्रतिक्षेप यांची वेळोवेळी तपासणी करवून घ्यावी लागते.

निदान झालेले आहे, मूळ कारणावरील उपचार चालू आहेत आणि तरीही वेदना झोप व काम यांत व्यत्यय आणते, अशा रुग्णाने सूचिचिकित्सेचा प्रयोग करून पाहण्यास हरकत नसते. उपचार करणाऱ्या दोघांनाही परस्परांच्या उपचारांची माहिती असावी. आरंभीच ६ ते १० वेळांची मर्यादा ठरवावी, त्या काळात औषधांत बदल करू नये व वेदनेची ० ते १० या मापावर रोज नोंद ठेवावी. वेदना सु. ३० टक्क्यांनी उतरल्यास लाभ अर्थपूर्ण मानतात. तसे न झाल्यास उपचार थांबविणे खर्चाच्या दृष्टीनेही श्रेयस्कर ठरते. लाभ झाल्यास औषधांची मात्रा वैद्याच्या सल्ल्याने हळूहळू कमी करता येते. गाबापेंटिन, प्रीगाबालिन व कार्बामाझेपीन ही औषधे एकाएकी बंद केल्यास आकडी व इतर उपद्रव होण्याचा धोका असल्यामुळे ती आपणहून सोडू नयेत. मधुमेह, जीवनसत्त्व न्यूनता किंवा कुष्ठरोग यांवरील औषधे वेदना पूर्ण थांबली तरी चालूच ठेवावी लागतात.