सावली पाहून, पावलं मोजून

नव्वदच्या दशकातला घरचा फोटो अल्बम उघडला की एक गोष्ट हमखास दिसते. सगळे अंगणात नाहीतर गच्चीवर उभे, तोंडावर ऊन, डोळे किलकिले. घरातल्या फोटोंत पुढची दोन माणसं पांढरीफटक आणि मागची मंडळी अंधारात. यात फोटो काढणाऱ्याचा दोष फारसा नव्हता. हॉट शॉट किंवा कोडॅक केबी 10 यांसारख्या साध्या कॅमेऱ्यांची घडणच तशी होती. आज तेच कॅमेरे कपाटातून बाहेर निघताहेत, कॉलेजातली मुलंमुली ते हौसेनं शोधताहेत, तशाच बेताचे नवे कॅमेरेही बाजारात आले आहेत. पहिला रोल धुऊन आला की मात्र पुष्कळांचा हिरमोड होतो. हा हिरमोड टाळता येतो. त्यासाठी कॅमेऱ्यानं आपल्या वतीनं काय काय आधीच ठरवून ठेवलं आहे, तेवढं माहीत हवं.

फुजीफिल्मचा क्विकस्नॅप घेऊ. एकदाच वापरायचा हा कॅमेरा 1986 मध्ये जपानात आला आणि अजून विकला जातो. त्याच्या फ्लॅशवाल्या मॉडेलमध्ये 400 आयएसओ संवेदनक्षमतेची फिल्म असते, भिंगाचं छिद्र एफ 10 आणि शटर 1/140 सेकंद. या तीनपैकी एकही गोष्ट बदलता येत नाही. ऊन असो, ढग असोत, पडवी असो, कॅमेरा तेवढाच वेळ आणि तेवढंच उघडतो.

आता हिशेब पाहा. भर उन्हात 400 च्या फिल्मला एफ 16 वर 1/400 सेकंद पुरतो. म्हणजे उन्हात हा कॅमेरा फिल्मला गरजेच्या जवळजवळ सातपट उजेड देतो. मोकळ्या सावलीत, म्हणजे वर आभाळ आहे पण थेट ऊन नाही अशा जागी, उजेड उन्हाच्या साधारण एक अष्टमांश असतो. तिथे त्याचं गणित नेमकं बसतं. थोडक्यात, हा कॅमेरा सावलीसाठी बांधलेला आहे. उन्हातला जादा उजेड कलर निगेटिव्ह फिल्म पचवते. निगेटिव्ह जरा दाट होते आणि लॅबवाला ते कॉपी काढताना सांभाळून घेतो. कमी उजेडाला मात्र इलाज नसतो. फिल्मवर जे उमटलंच नाही, ते कोणताही लॅबवाला आणून देऊ शकत नाही. फोटो मळकट, दाणेदार येतो आणि काळ्या जागा राखाडी दिसतात.

जुन्या अल्बमचं कोडं इथंच सुटतं. तेव्हा घरोघरी सर्रास 100 चा रोल भरायचे. त्याची संवेदनक्षमता 400 च्या रोलच्या एक चतुर्थांश. अशा कॅमेऱ्यात तो रोल उन्हात उत्तम चालतो, पण झाडाखाली किंवा ओसरीवर गेलं की उजेड चौपटीनं अपुरा पडतो. म्हणून सगळ्यांना उन्हात उभं करावं लागायचं. आज 400 चा रोल सहज मिळतो, तोच घ्यावा. मग माणसांना ओसरीच्या कडेला आणा, आंब्याच्या सावलीच्या काठाशी उभं करा. डोळे मोकळे राहतात आणि चेहऱ्यावर काळ्या खाचा पडत नाहीत. श्रावणातली ढगाळ दुपार तर या कॅमेऱ्याला फारच मानवते. माणसांचे फोटो काढायला तिच्याइतकी चांगली वेळ नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी ठरलेली गोष्ट अंतर. भिंग एकाच जागी पक्कं असतं. 32 मिलिमीटरचं भिंग आणि एफ 10 चं छिद्र असेल, तर ते साधारण साडेतीन मीटरवर नेमकं केलं की पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट दिसतं. वेष्टनावर एक मीटर लिहिलेलं असतं, पण मी दीड ते दोन मीटरच्या आत जात नाही. दोन मीटर म्हणजे दोन-तीन पावलं. एवढ्या अंतरावर कॅमेरा उभा धरला, तर माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसतो. मोबाइलची सवय झालेला हात ताटाजवळ, फुलाजवळ जातो. इथे ते धूसरच येणार. शिवाय आपण पाहतो ती खिडकी भिंगाच्या वर किंवा बाजूला असते. जवळच्या फोटोत तेवढ्या फरकानं माणसाच्या कपाळावर कात्री लागते.

फ्लॅशबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. 400 च्या फिल्मवरही तो तीन मीटरपर्यंतच पोचतो. कार्यालयात मागच्या खुर्चीवरून स्टेजवरच्या नवरानवरीवर मारलेला फ्लॅश समोरच्या ओळीतल्या डोक्यांवरच पडतो. विसर्जनाच्या रात्री दूरच्या मूर्तीचा फोटो काळाच येणार. उलट दिवसा, माणसाच्या पाठीमागे ऊन असताना, फ्लॅश अवश्य लावावा, चेहरा उजळतो. मागे काचेची तसबीर असेल तर जरा तिरकं उभं राहावं. पुढचा फोटो काढण्याआधी छोटा दिवा लागेपर्यंत थांबावं. आणि बंद पडलेला फ्लॅश घरी उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्ट साठलेले असतात. सेल काढल्यावरही झटका बसतो.

जुन्या कॅमेऱ्यात रोल चढवणं हे निगुतीचं काम आहे. फिल्मचं टोक खुणेपर्यंत ओढा, दातेरी चाकात भोकं अडकली का पाहा, मगच झाकण लावा. नंतर फिल्म पुढे सरकवताना डावीकडची रिवाइंडची चकती फिरते का, यावर डोळा ठेवा. ती फिरत नसेल, तर रोल जागचा हललेला नाही आणि तो अख्खा कोरा निघेल. शेवटच्या फोटोनंतर रोल पूर्ण गुंडाळल्याशिवाय मागचं झाकण उघडायचं नाही, नाहीतर रोल जळतो. क्विकस्नॅपमध्ये उलटी सोय आहे. फिल्म आधीच डबीबाहेर गुंडाळलेली असते आणि काढलेली प्रत्येक फ्रेम डबीत परत जाते.

सगळेच जुने कॅमेरे इतके साधे नसतात. 1977 मध्ये कोनिका सी 35 एएफ आला आणि अंतर मोजायचं काम कॅमेऱ्यानं स्वतःकडे घेतलं. 1983 पासून रोलच्या डबीवर डीएक्स कोडचे काळेचंदेरी चौकोन आले, ते वाचून चांगला कॅमेरा फिल्मची संवेदनक्षमताही ओळखतो. असा कॅमेरा मिळाला तर भाग्यच. फक्त दोघांचा फोटो काढताना मधल्या मोकळ्या जागेवर नेम धरू नका. एका चेहऱ्यावर धरून बटण अर्धं दाबा, मग चौकट सरकवा. अवरक्त किरणांनी अंतर मोजणारे कॅमेरे एसटीच्या काचेतून फसतात, तेव्हा खिडकी उघडावी.

विमानप्रवासात रोल हातातल्या पिशवीत ठेवा आणि हातानं तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरनं फिल्म खराब होते. विदर्भातल्या उन्हाळ्यात कॅमेरा गाडीत विसरू नका. रोल फ्रीजमध्ये ठेवत असाल, तर बाहेर काढल्यावर त्याची बाहेरची डबी लगेच उघडू नका, आत दव धरतं. रोल धुवायला टाकताना स्कॅनसोबत निगेटिव्हही परत हव्या, हे आधीच सांगून ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी त्या न मागता मिळत नाहीत. स्कॅन आजच्या यंत्राचा असतो. निगेटिव्ह हाती असली तर उद्या त्याहून चांगला काढता येतो. कोकणात राहत असाल तर त्या पट्ट्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा आणि पावसाळ्याआधी पुड्या बदला.