व्यापारनीतीचे अध्यापन, प्रशासकीय

आयात-निर्यात, जकात, परवाने व धान्यव्यापार यांविषयीच्या शासकीय धोरणाचे भावी प्रशासकांना दिले जाणारे शिक्षण. अर्थशास्त्राच्या सर्वसाधारण अध्यापनाहून ते एका बाबतीत वेगळे आहे : येथे विद्यार्थी जो सिद्धांत शिकतो, तो पुढे त्याच्याच सहीने लोकांना लागू होतो.

या शिक्षणाचा एक आरंभीचा प्रयत्न ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडमध्ये केला. भारतात पाठवावयाच्या मुलकी अधिकाऱ्यांसाठी तिने १८०६ मध्ये हर्टफर्ड येथे महाविद्यालय काढले. १८०९ मध्ये ते हेलीबरी येथे गेले आणि १८५८ मध्ये बंद झाले. टॉमस रॉबर्ट मॅल्थस हा मृत्यूपर्यंत (१८३४) तेथे इतिहास व अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याच्या अध्यापनाचा आधार ॲडम स्मिथचा वेल्थ ऑफ नेशन्स (१७७६) हा ग्रंथ होता. कंपनीच्या मक्तेदारीवर या ग्रंथात कठोर टीका आहे. बंगालच्या १७७० च्या दुष्काळास कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या बंधनांचा हातभार लागला, असेही त्यात सुचविले आहे. तोच ग्रंथ कंपनीच्या खर्चाने तिच्या भावी नोकरांना शिकविला जावा, हे नवलच होय. मॅल्थस मात्र स्मिथचा अंध अनुयायी नव्हता. १८१५ च्या धान्यकायद्याच्या वादात त्याने रिकार्डोच्या विरोधात जाऊन परदेशी धान्याच्या आयातीवर निर्बंध असावेत, अशी बाजू मांडली होती.

पुढे मुलकी सेवेत खुल्या व्यापाराचे सूत्र रुजले. त्याच्या अटी व अपवाद मात्र मागे पडले. देशाच्या सर्व भागांत दळणवळण मोकळे असेल, तर व्यापारीच टंचाईच्या जागी धान्य पोहोचवितात, असे स्मिथचे गृहीत होते. ओरिसात ते लागू नव्हते. तेथे १८६५ मध्ये पाऊस अपुरा पडला. १८६६ च्या आरंभी कटकच्या आयुक्ताने तांदूळ आणविण्याची परवानगी मागितली असता, बाजारभाव अनुकूल असतील तर तांदूळ आपोआप येईल, अशा आशयाचे उत्तर देऊन ती नाकारण्यात आली. शासनाचा निर्णय बदलेपर्यंत पावसाळा आला, समुद्रकिनाऱ्यावर माल उतरविणे दुष्कर झाले आणि रस्ते तर नव्हतेच. या दुष्काळात सु. १० लाख लोक मृत्युमुखी पडले. चौकशी आयोगाने शासनाच्या दिरंगाईस दोष दिला. आयोगाचा अध्यक्ष जॉर्ज कॅम्बेल हा हेलीबरीचाच माजी विद्यार्थी होता.

स्वतंत्र भारतात नवी दिल्ली येथे भारतीय विदेश व्यापार संस्था स्थापन झाली (१९६३). भारतीय व्यापार सेवेतील परिवीक्षाधीन अधिकाऱ्यांना तेथे प्रशिक्षण मिळते. परवान्यांवर आधारलेला १९४७ चा आयात-निर्यात नियंत्रण कायदा जाऊन १९९२ चा विदेश व्यापार (विकास व नियमन) कायदा आला, तेव्हा अभ्यासाचा रोख बदलणे क्रमप्राप्त होते. परंतु निर्यातबंदीचा अधिकार नव्या कायद्यातही शासनाकडे राहिला. त्याचे अभ्यासयोग्य उदाहरण म्हणजे कांदा. ८ डिसेंबर २०२३ रोजी त्याची निर्यात बंद करण्यात आली व ४ मे २०२४ रोजी किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून खुली करण्यात आली. शहरातील ग्राहकास मिळणारा दिलासा व नासिक जिल्ह्यातील उत्पादकाचे नुकसान यांचा हिशेब प्रशिक्षणार्थ्याने एकाच कागदावर मांडावयाचा असतो, आणि त्यासाठी लासलगावच्या बाजारातील आवक व साठवणुकीतील घट यांचे ज्ञान तुलनात्मक लाभाच्या सिद्धांताइतकेच आवश्यक ठरते.