लोकगीतांची साथ आणि मिडी कीबोर्ड : सुरांत जिवंतपणा आणणारी नियंत्रणे

महदंबेच्या ‘धवळ्यां’चा परिचय आपणांस प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात झालेला आहे. विवाहप्रसंगी गावयाच्या त्या रचनाप्रकाराचा एक जिवंत आप्त रायगड जिल्ह्यात आजही भेटतो. आगरी समाजाच्या लग्नविधींत धवलारीण जो ‘धवला’ गाते, तो हाच आप्त. ही गाणी कंठाच्या बळावर चालतात. त्यांतील स्वर एका जागी खिळलेले नसतात. एका स्वराला स्पर्श करून गळा पुढच्या स्वराकडे ओघळत जातो आणि हे ओघळणेच त्या गाण्याचे रूप असते.

आता ही गाणी, तशीच भजने आणि कोळीगीते, घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करण्याची सोय झाली आहे. पेण किंवा रोह्यासारख्या ठिकाणी सनईवादक, बासरीवादक व सारंगिये हवे तेव्हा मिळत नाहीत. म्हणून त्यांची जागा संगणकातील वाद्ये घेतात आणि ती एका लहानशा कीबोर्डवरून वाजवली जातात. ऐकणारा मात्र पुष्कळदा म्हणतो, ‘गाणं आपलंच आहे, पण यंत्राचं वाटतं.’ हे म्हणणे खरे असते. पुढच्या पिढीने धवला केवळ अशाच मुद्रणांतून ऐकला, तर त्यातील ओघळ हा धवल्याचा भाग होता, हे तिला कळणारही नाही. हा यांत्रिकपणा कोठून येतो व कीबोर्डवरील कोणत्या साधनांनी तो कमी करता येतो, हे या घटकात पाहावयाचे आहे.

मिडी म्हणजे आवाज नव्हे, आज्ञा

कीबोर्डची पट्टी दाबल्यावर तारेतून संगणकाकडे आवाज जात नाही. जाते ती केवळ सूचना : अमुक क्रमांकाची पट्टी, इतक्या वेगाने दाबली, मग, ती सोडली. या सूचनांच्या भाषेला ‘मिडी’ म्हणतात. (रोहेकरांना धाटावची एमआयडीसी परिचित आहे; तिचा येथे संबंध नाही.) निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ही भाषा आकाराला आली. १९८३ च्या जानेवारीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून ती प्रथम जाहीरपणे दाखवण्यात आली. पियानोवरील मधल्या ‘सी’ स्वराचा क्रमांक तीत ६० आहे आणि बहुतेक मूल्ये ० ते १२७ या मर्यादेत बसवलेली आहेत.

प्रत्यक्ष आवाज असतो तो संगणकातील वाद्यात. खऱ्या सनईचे किंवा सतारीचे एकेक स्वर मुद्रित करून तेथे साठवलेले असतात. पेण शहर आणि हमरापूर, जोहे ही गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही गोष्ट चटकन उमगेल. साच्यातून मूर्ती एकसारख्या निघतात. पण आखणी करणारा कारागीर प्रत्येक मूर्तीच्या डोळ्यांपाशी कुंचला घेऊन बसतो आणि मग मूर्ती बघू लागते. साठवलेला स्वर ही साच्यातून निघालेली मूर्ती आहे. नुसत्या पट्ट्या दाबून वाजवलेले गाणे म्हणजे आखणी न करता दुकानात मांडलेली मूर्ती होय.

जोर कशाने येतो, ते आधी ओळखावे

पट्टी किती वेगाने खाली गेली, याच्या मापाला ‘व्हेलॉसिटी’ म्हणतात. ढोलकी, तबला, सतार, संतूर या वाद्यांत आघाताच्या क्षणीच आवाजाचे लहानमोठेपण ठरून जाते. तेथे व्हेलॉसिटी हेच मुख्य साधन असते. चांगल्या ढोलकीत हळू व जोरकस आघातांची मुद्रणेही वेगवेगळी असतात. त्यामुळे जोर वाढवला की आवाज केवळ मोठा होत नाही, त्याचा पोतही बदलतो. संगणकावर सर्व आघातांची व्हेलॉसिटी एकच, समजा १००, ठेवली तर ठेका पायरीवर पाय आपटल्यासारखा ऐकू येतो.

हार्मोनियमची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि नवशिक्यांची गफलत येथेच होते. पेटीची पट्टी हळू दाबा की जोराने, आवाजात फरक पडत नाही. आवाज कमीजास्त होतो तो भात्याने. पट्टीवर बोट स्थिर असतानाही डाव्या हाताने भात्याचा दाब वाढवला की स्वर फुलतो, सैल सोडला की मावळतो. गोविंदराव टेंब्यांसारखे पेटीवादक मराठी रंगभूमीने पाहिले. त्या परंपरेत उजव्या हाताइतकाच डाव्या हाताचाही वाटा आहे. म्हणून संगणकातील हार्मोनियमला व्हेलॉसिटीने जिवंत करू पाहणे व्यर्थ आहे. तेथे ‘एक्स्प्रेशन’ हे अकराव्या क्रमांकाचे नियंत्रण पायाच्या पेडलला किंवा सरकपट्टीला जोडावे आणि तेच भाता समजून वापरावे. बासरी व सनईत श्वास, सारंगीत गज, तीच कामगिरी करतात. स्वर चालू असताना ज्या वाद्यात जोर बदलता येतो, त्याला चालू राहणारे नियंत्रण लागते.

सातव्या क्रमांकाचे ‘व्हॉल्यूम’ही आवाज वाढवते, मग दोन नियंत्रणे कशाला, असे विद्यार्थी विचारतात. व्हॉल्यूमने त्या वाद्याची इतर वाद्यांच्या तुलनेतील पातळी एकदा ठरवावी आणि ओळीतील चढउतार एक्स्प्रेशनकडे सोपवावेत. मग गायिकेचा आवाज दबतो आहे असे वाटल्यास संपूर्ण पेटी खाली घेता येते, आतील चढउतार न बिघडवता.

पट्ट्यांच्या मधले स्वर

पेटीवर मींड घेता येत नाही आणि तिचे स्वर ठरीव असतात, या आक्षेपांमुळे ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला मज्जाव केला. ही बंदी १९७१ साली अंशतः उठली. बंदी कठोर होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण आक्षेपात तथ्य होते आणि तोच आक्षेप आजच्या कीबोर्डलाही लागू पडतो. फरक इतकाच की कीबोर्डच्या डाव्या बाजूला ‘पिच बेंड’ नावाचे एक चाक असते. ते पुढे ढकलले की वाजणारा स्वर चढतो, मागे ओढले की उतरतो, सोडले की आपोआप मधोमध येतो.

या चाकाला ० ते १२७ ची मर्यादा पुरत नाही. मधल्या स्थानापासून दोन अर्धस्वर वर जाण्यास अवघ्या ६४ पायऱ्या मिळाल्या असत्या, म्हणजे एका अर्धस्वराला ३२. कानाला त्या जाणवल्या असत्या. म्हणून चाकाला एकूण १६,३८४ पायऱ्या दिलेल्या आहेत. मूळ योजनेनुसार बहुतेक वाद्यांत हे चाक वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर इतकेच फिरते. षड्जापासून पंचमापर्यंत मींड हवी असेल तर सात अर्धस्वरांचे अंतर आहे. तेव्हा वाद्याच्या मांडणीत ही कक्षा सात किंवा बारा करावी लागते. मात्र कक्षा जितकी मोठी, तितका हाताचा लहानसा हेलकावाही स्वराला दूर नेतो. दरबारी कानड्यातील आंदोलित गंधारासाठी दोनची कक्षाच बरी. धवल्यासारख्या गाण्यात ओघळ बहुधा जवळच्या स्वरांतच असतो, तेथेही दोन-तीन पुरेत.

ढोलकीच्या डाव्या पुडीवर तळहात दाबत नेला की घुमारा वर सरकतो. तोही या चाकाने साधतो. परंतु एक अडचण ध्यानात ठेवावी. पिच बेंडची आज्ञा एका पट्टीला नव्हे, संपूर्ण चॅनेलला लागू होते. खालचा षड्ज धरून वर मींड घेतली तर षड्जही सरकतो आणि तंबोरा कोसळल्याचा भास होतो. उपाय सोपा आहे : मिडीत सोळा चॅनेल असतात, आधारस्वर एका चॅनेलवर, चाल दुसऱ्यावर ठेवावी. प्रत्येक पट्टीला स्वतंत्र चॅनेल देणारी ‘एमपीई’ ही पद्धत २०१८ साली मान्य झाली. तिच्या कीबोर्डवर बोट बाजूला सरकवूनच मींड घेता येते. पण त्यांच्या किमती आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत.

पिच बेंडशेजारचे ‘मॉड्युलेशन’चे चाक बहुधा स्वरात कंप आणते. बासरीचा दीर्घ स्वर आरंभी साधा ठेवून शेवटाकडे ते थोडे पुढे करावे. आरंभापासून कंप दिल्यास स्वर रडका होतो. सस्टेन पेडल पियानोसाठी आहे; सनईवर ते दाबून ठेवल्यास स्वर एकमेकांवर चढतात. ‘आफ्टरटच’ म्हणजे दाबलेल्या पट्टीवर नंतर दिलेला अधिक दाब. स्वस्त कीबोर्डमध्ये तो नसतो.

हे सारे वळसे माउसने रेखाटताही येतात. तरीही प्रथम हातानेच वाजवून मुद्रित करावेत आणि माउस केवळ दुरुस्तीपुरता वापरावा, असे सुचवावेसे वाटते. हात श्वासाबरोबर चालतो; रेखाटलेला वळसा नेहमी थोडा अधिक गुळगुळीत येतो.

करून पाहा

आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध स्त्रीने गायिलेली धवल्याची किंवा ओवीची एक ओळ, तिची अनुमती घेऊन, मोबाइलवर मुद्रित करा. तीच ओळ संगणकातील सनईवर तीनदा वाजवा : प्रथम केवळ पट्ट्यांनी, मग एक्स्प्रेशन जोडून, मग पिच बेंडसह. तिन्ही मुद्रणे त्या स्त्रीला ऐकवा. तिने कोठे मान हलवली आणि कोठे ‘असं नाही’ म्हटले, ते ओळीतील शब्दासह टिपून ठेवा.