मूसची शिकार : आधीं हिशेब, मग बंदूक

शिकारीच्या गोष्टींत बंदुकीचा बार झाला, जनावर पडलें, कीं गोष्ट संपते. अलास्काच्या डोंगरांतील मूसच्या शिकारीचें तसें नाहीं. तेथील जाणता शिकारी निघण्यापूर्वीं जो विचार करतो, तो मुख्यत्वें बार झाल्यानंतरचा असतो.

मूस हें हरणांच्या कुळांतील सर्वांत मोठें जनावर. अलास्कांतील पूर्ण वाढलेला नर १,६०० पौंडांपर्यंत, म्हणजे ७०० किलोंहून अधिक भरतो. सह्याद्रींतील सांबर त्याच्यापुढें लहान वाटावें. अशा नरापासून सुमारें ५०० पौंड मांस निघतें. तें रानांत टाकून येणें हा तेथें गुन्हा आहे. चारही पायांचें, बरगड्यांचें, मानेचें व पाठीचें खाण्याजोगें मांस बाहेर आणलेंच पाहिजे. आणि मांस हलविण्याआधीं शिंगें नेतां येत नाहींत.

आतां गणित पाहावें. एक माणूस पाठीवर ८० पौंड घेतो असें धरलें, तर सात खेपा लागतात. सात वेळां ओझ्यासह येणें व त्यांच्यामध्यें सहा वेळां रिकामें जाणें. जनावर तळापासून एक मैलावर पडलें तरी १३ मैलांची चाल झाली. दोन मैलांवर पडलें तर २६. आणि तीही दलदलींतून व वाळुंजाच्या दाट झुडपांतून.

म्हणून योजनेचा आरंभ नकाशापासून होतो. अलास्काची सुमारें ६० टक्के भूमि अमेरिकेच्या संघ-सरकारची आहे. परंतु कित्येक राष्ट्रीय उद्यानांत हौशी शिकारीस बंदी आहे, आणि १९७१ च्या कायद्यान्वयें मूळ रहिवाशांच्या संस्थांकडे गेलेली सुमारें ४ कोटि ४० लक्ष एकर जमीन ठिकठिकाणीं पसरली आहे. दुर्गम भागांत रस्ते नाहींत. लहान विमान तळ्यावर किंवा नदीकांठच्या वाळूगोट्यांवर उतरतें. अशा विमानानें आलेल्यास दुसऱ्या दिवशीं पहांटे तीन वाजेपर्यंत मूसवर बंदूक चालवितां येत नाहीं. परतीचें विमान हवेवर अवलंबून, म्हणून कांहीं दिवसांचा जादा शिधा हवाच. शिवाय अनेक विभागांत शिंगांचा पसारा निदान ५० इंच असावा, किंवा कपाळापुढील टोकें ठराविक संख्येनें असावींत, असा नियम आहे. तो दुर्बिणींतून पारखावयाचा.

सप्टेंबरांतील उबदार दिवशींही मांस नासतें. कातडें तत्काळ सोलून, मांस हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत घालून सावलींत टांगावें लागतें. तेंही तंबूपासून दूर, कारण वासानें अस्वल येतें.

हा हिशेब मनांत असला म्हणजे खरी कसोटी कोणती तें कळतें. समजा, दरीपलीकडे तीन मैलांवर उत्तम शिंगांचा नर उभा आहे आणि शिकारी एकटा आहे. त्याच्यापर्यंत जाणें कठीण नाहीं. परंतु पुढें ३९ मैलांची चाल आहे, आणि ती पुरी होण्यापूर्वीं मांस नासेल. हें जाणून जो बंदूक खांद्यावरून काढीत नाहीं, त्याची योजना पक्की होती असें समजावें. नर आपल्या वाटेनें जातो, आणि शिकारी चहाचें आधण ठेवतो.