ओपन ॲक्सेस जर्नलला लेख देताय? आधी एवढं तपासा

"ताई, पेपर टाकायचाय. एखादं ओपन ॲक्सेस जर्नल सांगा ना." पेटची तयारी करणाऱ्यांकडून, नुकतंच कोर्सवर्क सुरू झालेल्यांकडून हा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. मी स्वतः रसायनशास्त्राची. पण मानव्यविद्यांच्या जर्नलला लेख कसा द्यायचा हे एका मैत्रिणीसोबत बसून शिकले. ते शिकणं तिला महागात पडलं, म्हणून आधी तिची गोष्ट.

ती मराठीची. घनसावंगी तालुक्यातल्या तीन गावांत दोन उन्हाळे फिरून तिने म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पहिला लेख तिने व्हॉट्सॲपवर आलेल्या जाहिरातीवरून पाठवला. पंधराशे रुपये, चार दिवसांत स्वीकृती, वर सर्टिफिकेट. लेख आला. दीड वर्षाने ती वेबसाईटच बंद पडली. आता तो लेख कुठे सापडत नाही, आणि एकदा छापून आलेला असल्यामुळे दुसरीकडे नवीन म्हणून देताही येत नाही. ओव्या सांगणाऱ्यांपैकी दोघी आज हयात नाहीत. पंधराशे रुपये परत कमावता येतात, त्या ओव्यांचं काय?

ओपन ॲक्सेस म्हणजे नक्की काय?

लेख इंटरनेटवर कोणालाही, पैसे न भरता वाचता येणं. वर्गणी परवडत नाही अशा आपल्याकडच्या कॉलेजच्या लायब्ररीसाठी हे फार मोलाचं आहे. ओव्यांचंच उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जमा झालेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आता ‘पारी’ या संकेतस्थळावरून लोकांपर्यंत पोचतायत. परतूरचा विद्यार्थी मोबाईलवर त्या वाचू-ऐकू शकतो. आपला लेखही असा सापडला पाहिजे.

आता खर्च कोण करतं? काही जर्नल्स लेखकाकडून प्रक्रिया शुल्क घेतात. काहींचा खर्च विद्यापीठ, संस्था किंवा ग्रंथालयं उचलतात आणि लेखकाला एक रुपयाही लागत नाही. लंडनच्या बर्कबेक कॉलेजमधून 2015 साली सुरू झालेली ‘ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज’ ग्रंथालयांच्या पैशावरच चालते. म्हणजे शुल्क मागितलं म्हणून जर्नल खोटं ठरत नाही, आणि "ओपन ॲक्सेस आहे म्हणून पैसे लागणारच" हेही खरं नाही.

यादी गेली, जबाबदारी आली

यूजीसीने 2018 मध्ये ‘केअर’ची व्यवस्था आणली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात तिचं काम चालायचं. "केअर लिस्टमध्ये आहे का?" एवढं विचारलं की आपलं काम संपायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली आणि त्याऐवजी जर्नल पारखण्यासाठी सूचक निकष दिले. आता पारख आपणच करायची.

दुसरं, नोव्हेंबर 2022 च्या यूजीसी नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्तीची अट राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा वेगळा नियम असू शकतो, तो गाईडना विचारा. पण "उद्याच पेपर पाहिजे" म्हणून कोणाच्याही जाळ्यात पडू नका.

पाठवण्याआधी पाच गोष्टी बघा

1. आयएसएसएन. हा आठ अंकी क्रमांक आयएसएसएन पोर्टलवर टाकून जर्नलचं नाव जुळतं का बघा. पण तो गाडीच्या नंबरसारखा आहे. एमएच 21 दिसलं की गाडी जालन्याची एवढं कळतं, ब्रेक लागतात का ते कळत नाही.

2. डीओएजे. ही ओपन ॲक्सेस जर्नल्सची सूची 2003 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झाली. निकष तपासूनच तिच्यात जर्नल घेतात. शुल्क किती, परवाना कोणता, लेख छापायला सरासरी किती आठवडे लागतात, हे तिथे दिसतं. बिनशुल्क जर्नल्स वेगळी काढता येतात. एखादं चांगलं जर्नल या सूचीत नसूही शकतं, तेव्हा पुढच्या तीन गोष्टी जास्त बारकाईने बघा.

3. जुने अंक. निदान तीन लेख पूर्ण वाचा. एकाच अंकात ओव्या, खतं आणि जीएसटी असेल तर तिथून निघा.

4. संपादक मंडळ. त्यातल्या एखाद्या प्राध्यापकाच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन नाव पडताळा.

5. जतन. लेखाला डीओआय मिळतो का? वेबसाईट बंद पडली तर अंक कुठे जपून ठेवलेत, हे जर्नलने लिहिलंय का? माझ्या मैत्रिणीने नेमकं हेच बघितलं नव्हतं.

प्रत्यक्ष पाठवताना

मराठीत लिहीत असाल तर युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ सर्चमध्ये सापडत नाही, म्हणजे उघडी असूनही ती बंदच.

बरीच जर्नल्स ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ हे सॉफ्टवेअर वापरतात. लेखक म्हणून खातं उघडायचं, अटींच्या यादीवर टिक करायची, फाईल चढवायची, शीर्षक-सारांश-कळीचे शब्द भरायचे आणि शेवटी खात्री करून पाठवायचं. सारांश आधीच तयार ठेवा, तिथे बसून लिहू नका.

परीक्षकांना लेखकाचं नाव कळू द्यायचं नसतं. म्हणून नाव, कॉलेज, आभार वेगळ्या पानावर द्या. "माझ्या मागच्या लेखात म्हटल्याप्रमाणे" असली वाक्यं बदला. वर्डमध्ये फाईल, इन्फो, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट इथे जाऊन फाईलमध्ये लपलेलं नावही काढा.

परवाना वाचा. ‘सीसी बाय’ असेल तर तुमचं नाव देऊन कोणीही तो लेख वापरू शकतो, अगदी व्यवसायासाठीसुद्धा. मुलाखती, ओव्या, घरातली कागदपत्रं वापरली असतील तर ज्यांची आहेत त्यांना हे समजावून सांगा आणि संमती घ्या.

आणि एक लेख एका वेळी एकाच जर्नलला द्यायचा. नकार आला किंवा तुम्ही तो लेखी मागे घेतला, तरच दुसरीकडे पाठवायचा.

मग थांबायचं

कोणीतरी खरंच वाचणार असेल तर महिने लागतातच. शेरे आले की एक दिवस जाऊ द्या, मग तक्ता करा: डावीकडे परीक्षकाचा मुद्दा, उजवीकडे तुम्ही काय बदललं. पटलं नसेल तर कारण द्या. तो उद्धटपणा होत नाही, संशोधन असंच चालतं.

माझ्या मैत्रिणीने जुन्या टिपणांवरून नव्या मांडणीचा लेख लिहिला आणि आधीच्या प्रकाशनाची हकीकत संपादकांना स्पष्ट कळवली. पाच महिन्यांनी दोन परीक्षकांचे शेरे आले. एकाने विचारलंय, या ओव्या कोणाच्या, त्या बायकांची नावं लेखात का नाहीत? पहिल्या वेळी हे कोणीच विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी आम्ही दोघी घनसावंगीला जाऊन त्यांच्या घरच्यांना भेटणार आहोत.