खाजेची बेरीज

पावसाळा लागला की एक प्रश्न हमखास येतो. या वेळी तो एका वाचक भगिनीनं विचारला आहे. ‘आमची लॅब्रॅडोर रात्रभर पंजे चाटते, अंग खाजवून लाल करते. घरच्या घरी काही करता येईल का?’ करता येईल, आणि बरंच काही. पण ते का लागू पडतं हे समजून घ्यायचं तर १९०६ सालच्या लिव्हरपूलला जायला हवं.

कुत्र्याच्या बरगडीपाशी बोटांनी खाजवलं की त्याचा मागचा पाय आपोआप हवेत चालू लागतो. ही गंमत कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेली असते. लिव्हरपूलमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी नेमका हाच पाय अभ्यासाला घेतला. मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडलेल्या कुत्र्यांवर ते प्रयोग करत. आज ते वाचताना जीव कळवळतो. केसांच्या मुळांपाशी त्वचेत बारीक टाचणी खोचायची आणि तिच्यातून अगदी क्षीण वीज सोडायची. या टाचणीचं नावच पडलं ‘विजेची पिसू’. एकच क्षीण झटका दिला तर पाय ढिम्म. तोच झटका भराभर देत राहिलं की पाय खाजवू लागे, सेकंदाला साधारण चार वेळा. एकेकटे अपुरे पडणारे झटके दोन जवळच्या जागी एकदम दिले, तरीही पाय हले. म्हणजे मज्जारज्जू चक्क बेरीज करत होता!

पाठीवरच्या ज्या भागात स्पर्श केला की पाय हलतो, त्याला शेरिंग्टन यांनी ‘रिसेप्टिव्ह फील्ड’ म्हटलं. पुढे दृष्टीच्या अभ्यासकांनी हा शब्द उचलला आणि आज चित्रं ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पुस्तकांतही तो सापडतो. त्याचा जन्म कुत्र्याच्या खाजेतला आहे, ही गोष्ट मला फार आवडते. शेरिंग्टन यांना १९३२चं नोबेल मिळालं, पण त्या खाजवणाऱ्या पायाची आठवण क्वचितच निघते.

ही बेरीज आपल्या कामाची आहे. त्वचारोग पाहणारे पशुवैद्य आज ‘खाजेचा उंबरठा’ ही कल्पना वापरतात. समजा, कुत्रीला घरातल्या धुळीची थोडी ॲलर्जी आहे. तेवढ्यानं ती खाजवत नाही. त्यात पावसाळ्यात ओले राहिलेले पंजे आले, कोरडी पडलेली त्वचा आली, वर चार पिसवा चावल्या, की थेंबे थेंबे तळे साचते आणि उंबरठा ओलांडला जातो. यातली धुळीची ॲलर्जी घरी बरी करता येत नाही. बाकीचे थेंब मात्र आपल्या हातात आहेत.

पहिला थेंब पिसवांचा. बारीक दातांची फणी शेपटीच्या मुळापासून फिरवा आणि निघालेले काळे कण पांढऱ्या ओल्या कागदावर ठेवा. मिनिटभरात कणांभोवती तांबूस वलय पसरलं तर ती माती नव्हे. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या साधारण पाच टक्केच असतात. अंडी, अळ्या आणि कोष राहतात अंथरुणात, सोफ्याच्या फटीत, फरशीच्या सांध्यात. कोषातली पिसू कित्येक आठवडे थांबते आणि पावलांची थरथर, अंगाची ऊब जाणवली की बाहेर येते. मे महिन्यात गावाहून परतल्यावर बंद घरात एकदम पिसवा उडतात, त्या यामुळे. म्हणून कुत्र्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, कानाकोपरे झाडा, आणि पिसवांचं औषध डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकदम द्या. कुत्र्याचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका, ते जिवावर बेततं.

दुसरा थेंब पंजांचा. फिरून आल्यावर पाय साध्या पाण्यानं धुवा आणि बोटांच्या बेचक्या टॉवेलनं खरोखर कोरड्या करा. त्या दमट फटींत यीस्ट माजतं आणि आंबूस वास येऊ लागतो. फिक्या रंगाच्या कुत्र्याचे पंजे चाटून चाटून तांबडे होतात. तो रंग लाळेतल्या द्रव्याचा असतो.

तिसरा थेंब त्वचेचा. आपल्या त्वचेच्या वरच्या आवरणात पेशींचे १० ते १५ थर असतात, कुत्र्याच्या ३ ते ५. तिची आम्लताही आपल्यापेक्षा कमी. त्यामुळे आपला साबण-शाम्पू तिला सोसत नाही. कुत्र्याचाच सौम्य शाम्पू घ्या आणि पाणी थंड किंवा जेमतेम कोमट ठेवा, कारण गरम पाण्यानं खाज भडकते. साधे ओट्स मिक्सरमधून पिठासारखे बारीक करून पाण्यात कालवा. पाणी दुधाळ झालं की त्यात दहा मिनिटं कुत्र्याचं अंग भिजू द्या. ओट्समधली अव्हेनान्थ्रमाइड नावाची द्रव्यं दाह कमी करतात. मसाला ओट्स मात्र नकोत. त्यात कांदा-लसणाची पूड असते आणि कुत्रं ते पाणी चाटतं.

घरगुती उपायांबाबत हाच नियम कायम लक्षात ठेवावा: कुत्र्याच्या अंगाला जे लावाल ते त्याच्या पोटात जाईल. म्हणून कापूर घातलेलं खोबरेल, टी ट्री ऑइल, झिंक असलेलं लोशन, आपली स्टिरॉइडची मलमं नकोत. लूत लागलेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं ऑइल, रॉकेल किंवा फिनेल फासतात, तो तर शुद्ध विषप्रयोग आहे. गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिन आपल्या मनानं टोचू नका. कॉलीसारख्या जातींत एका जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूत शिरतं आणि कुत्रं दगावू शकतं.

केस झडून चट्टे पडले, पू किंवा दुर्गंधी आली, कान खाजू लागले, पिल्लू असेल किंवा घरातल्या माणसांनाही खाज सुटली, तर घरचे उपाय थांबवून दवाखाना गाठा. खाजेचा निरोप मज्जातंतूंपर्यंत नेणारं इंटरल्युकिन-३१ हे प्रथिन अडवणारी औषधं आता डॉक्टरांकडे आहेत.

तोवर आज संध्याकाळी फणी, ओला कागद आणि कोरडा टॉवेल घेऊन बसा. कोणकोणते थेंब साचलेत ते पाहा आणि त्यातला एक तरी आजच काढा. उंबरठ्याच्या आत यायला कधी कधी तेवढंही पुरतं.