फुलपाखरू पकडायचं की फक्त पाहायचं? छंद सुरू करण्याआधी हे वाचा

मे २०२४. श्रीलंकेतल्या याला राष्ट्रीय उद्यानात इटलीहून आलेले बाप-लेक पकडले गेले. त्यांच्याकडे शिकारीची बंदूक नव्हती की हस्तिदंतही नव्हते. सापडल्या त्या कीटक भरलेल्या बरण्या. त्यात ९२ प्रजातींचे कीटक होते आणि त्यामध्ये फुलपाखरंही होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने या दोघांना ६ कोटी श्रीलंकन रुपये, म्हणजे सुमारे २ लाख डॉलर इतका दंड ठोठावला.

भारतातही असं घडलं आहे. जून २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगलीला राष्ट्रीय उद्यान परिसरात परवानगीशिवाय कीटक गोळा केल्याबद्दल चेक प्रजासत्ताकाच्या दोन नागरिकांना अटक झाली होती. न्यायालयाने एकाला दंड केला, तर दुसऱ्याला तीन वर्षांची कैद सुनावली.

दुसरीकडे, पावसाळा संपत आला की इन्स्टाग्रामवर फुलपाखरांच्या रील्सचा पूर येतो. कुणी बोटावर फुलपाखरू बसवतं, कुणी पंख चिमटीत धरून दाखवतं, तर कुणी वहीत चिकटवलेला 'संग्रह' मिरवतं. यातलं काय चालतं आणि काय थेट गुन्हा ठरू शकतं? आणि काहीही न पकडता हा छंद कसा जोपासायचा?

पूर्वी लोक फुलपाखरं का जमवायचे?

जाळीने फुलपाखरू पकडायचं, मारायचं, पंख पसरून टाचणीने पेटीत लावायचं, हा युरोपात प्रतिष्ठेचा छंद होता. ब्रिटिश काळात तो भारतात आला. लष्करी आणि मुलकी अधिकारी बदलीच्या ठिकाणी जाळी घेऊनच फिरायचे. ब्रिगेडियर इव्हान्स हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी १९३२ मध्ये नोंदवलेलं १९० मिलिमीटर पंखविस्ताराचं सदर्न बर्डविंग हे तब्बल ८८ वर्षं भारतातलं सर्वात मोठं फुलपाखरू मानलं जात होतं. २०२० मध्ये उत्तराखंडमधल्या दिदीहाटच्या १९४ मिलिमीटरच्या गोल्डन बर्डविंग मादीने हा विक्रम मोडला.

हे संग्रह वाया गेले नाहीत. 'लोलिता' लिहिणारे कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव हार्वर्डच्या संग्रहालयात फुलपाखरांवर काम करायचे. अमेरिका खंडातली काही निळी फुलपाखरं आशियातून टप्प्याटप्प्याने तिकडे पोहोचली असावीत, असा अंदाज त्यांनी १९४५ मध्ये मांडला. तेव्हा तो फारसा कुणी मनावर घेतला नाही. २०११ मध्ये डीएनए तपासणीने त्यांचं म्हणणं बरोबर असल्याचं दाखवलं.

आजही नवी प्रजाती ठरवताना किंवा जनुकीय अभ्यासासाठी नमुने लागतात. पण ते काम परवाना घेतलेल्या संशोधकांचं आहे, हौशी माणसाचं नाही.

कायदा काय सांगतो?

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. त्यात फक्त वाघ-बिबटे येतात, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात कायद्याच्या अनुसूचींमध्ये फुलपाखरांच्या अनेक प्रजाती आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने या अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली.

तीन मुद्दे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला, कायद्यातली 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. त्यामुळे "पकडलं आणि लगेच सोडून दिलं" हा बचाव पुरेसा ठरत नाही.

दुसरा, शिक्षा छोटी नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. इतर बऱ्याच गुन्ह्यांसाठी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तिसरा, राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यात गेलात तर अनुसूची बघत बसायची गरजच नाही. तिथला कुठलाही जीव परवानगीशिवाय उचलता येत नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालाही हाच नियम लागू होतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या फुलपाखरांच्या शोभेच्या फ्रेम्सबाबतही सावध राहिलेलं बरं. संरक्षित प्रजातीची मृत फुलपाखरंसुद्धा कायद्याच्या कक्षेत येतात.

"हे तर साधंच फुलपाखरू आहे", मग अडचण काय?

अडचण ओळखण्याची आहे. अनुसूचीत नसलेलं फुलपाखरू संरक्षित क्षेत्राबाहेर पकडलं तर या कायद्याने तो गुन्हा ठरत नाही, हे खरं. पण ते अनुसूचीत नाही, हे पकडण्याआधी कळायला हवं ना!

प्लेन टायगर हे नारिंगी रंगाचं, काळ्या-पांढऱ्या टोकांचं फुलपाखरू रुईच्या झाडाभोवती सगळीकडे दिसतं. त्याच्या सुरवंटाने रुईचा चीक पचवलेला असल्याने ते पक्ष्यांना बेचव लागतं. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब याच्यासारखी दिसते, म्हणजे पक्षी तिच्याही वाटेला जात नाहीत. दोघांमधला फरक मागच्या पंखाच्या मध्यावर असलेल्या काळ्या ठिपक्यांवरून कळतो. ते प्लेन टायगरला असतात, या मादीला नसतात.

आता गंमत अशी की २०२२ च्या दुरुस्तीआधीच्या यादीत डॅनाइड एगफ्लाय थेट पहिल्या अनुसूचीत होतं. बागेत दिसणारं लाल अंगाचं क्रिमझन रोझही त्याच अनुसूचीत होतं. म्हणजे 'साधं' समजून हात घातलेलं फुलपाखरू वाघाच्या पंक्तीतलं निघू शकत होतं.

कॉमन मॉरमॉनची मादी तर तीन वेगवेगळ्या रूपांत दिसते. एक रूप नरासारखं, दुसरं कॉमन रोझसारखं आणि तिसरं क्रिमझन रोझसारखं. नवख्याची इथे हमखास फसगत होते.

मग छंद सुरू कसा करायचा?

फुलपाखरं थंड रक्ताची असतात. सकाळी ऊन खाऊन अंग तापवल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही. त्यामुळे सकाळी आठ ते अकरा ही वेळ सगळ्यात चांगली. सुरुवातीला ती पंख पसरून बसलेली दिसतात, नंतर फुलांवर फिरतात. महाराष्ट्रात सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम.

फुलांपेक्षा सुरवंटाच्या खाद्य वनस्पती शोधल्या तर फुलपाखरं लवकर सापडतात, कारण मादी ठराविक झाडांवरच अंडी घालते. कढीपत्ता आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन, रुईवर प्लेन टायगर, आंब्यावर कॉमन बॅरन, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, बांडगुळावर कॉमन जेझेबेल. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपलं निलवंत, हेही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतं. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य होतं.

ओल्या मातीच्या कडेलाही नजर ठेवा. तिथे एकाच जागी दहा-वीस फुलपाखरं सोंड खुपसून बसलेली दिसतील. याला चिखलपान म्हणतात. बहुतेक नरच ओल्या मातीतून क्षार शोषून घेतात. या वेळी ती इतकी गुंग असतात की हळूच बसून जवळ सरकलं तरी उडत नाहीत.

महागडा कॅमेरा लागत नाही. फोन पुरतो. फक्त आपली सावली फुलपाखरावर पडू द्यायची नाही, उभ्याने झडप घालायची नाही आणि आधी लांबून एक फोटो काढून मग पुढे सरकायचं.

फोटो काढला, पुढे काय?

नुसत्या फोटोने ओळख पटेलच असं नाही. पंखांची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. सोबत तारीख, वेळ, ठिकाण, ते कुठल्या झाडावर होतं आणि काय करत होतं, एवढं लिहा.

तारीख का महत्त्वाची? कॉमन इव्हिनिंग ब्राउनचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके ठळक असतात. कोरड्या ऋतूत तेच फुलपाखरू वाळक्या पानासारखं दिसतं. तारीख नसेल तर एकाच प्रजातीला दोन समजण्याची चूक होते.

ही नोंद 'आयनॅचरलिस्ट' किंवा 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर टाकता येते. तिथे जाणकार ओळख तपासतात. सप्टेंबरमध्ये देशभर 'बिग बटरफ्लाय मंथ' साजरा होतो, त्यातही कुणालाही सहभागी होता येतं. दक्षिण भारतात टायगर आणि क्रो गटातली फुलपाखरं पश्चिम घाट आणि पूर्वेकडच्या मैदानांदरम्यान स्थलांतर करतात. ती कधी निघाली आणि कुठे दिसली, हे कळण्यासाठी ठिकठिकाणच्या सामान्य लोकांच्या नोंदी कामी येतात. पेटीत टाचलेलं फुलपाखरू एकाच घरात राहतं, तारीख-ठिकाणासह टाकलेला फोटो देशातला कुठलाही अभ्यासक वापरू शकतो.

पोस्ट करताना काय पाळायचं?

दुर्मीळ प्रजातीचं अचूक लोकेशन जाहीर करू नका, तालुका किंवा परिसर सांगितला तरी चालतं. फोटोसाठी फुलपाखरू फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करणं, पंख चिमटीत धरणं टाळा. पंखांवरची भुकटी म्हणजे बारीक खवले असतात. ते एकदा झडले की पुन्हा येत नाहीत. बोटाला लागतो तो 'रंग' म्हणजे त्या फुलपाखराचे कायमचे गेलेले खवले.

आणि लांब जाणं जमत नसेल तर बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी ठेवा. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा छोटा सुरवंट आला तर औषध मारू नका. बहुधा ते लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉनचं पिल्लू असेल. मोठा होताना तो हिरवा होईल, चार पानं जास्त खाईल आणि मग कोष करेल. कोषात गेल्यावर साधारण दोन आठवड्यांत फुलपाखरू बाहेर येतं. तोवर रोज एक फोटो काढला, तर अंड्यापासून पंखांपर्यंतचा अख्खा संग्रह फोनमध्ये तयार होतो, तोही कुणाला न पकडता.